उलटी बाजू

मी तासाच्या भाड्यानं पाळण्याची गाडी चालवतो.
वर कोण उभं आहे, काय करतंय, मला देणंघेणं नाही.
जाहिरात लावा, पन्हळ बदला, कबुतरांना जाळी मारा;
खटका दाबला की पाळणा वर, सोडला की थांबतो.
सप्टेंबरात मात्र चौदा दिवस एकच भिंत.

वुच म्हणजे होडी. आमच्या शहराचं नावच होडी,
आणि नदी गिरण्यांनी कधीच जमिनीखाली घातलेली.
शेजारचं घर पाडलं तेव्हा ही भिंत उघडी पडली:
पाच मजले, खिडकी एकही नाही,
नुसते गेलेल्या खोल्यांचे चौकोन.
एक निळा, एक फुलाफुलांच्या कागदाचा,
आणि धुराडं होतं तिथं वरपर्यंत काजळी.

लीविया नावाची पोरगी
कापडांच्या संग्रहालयातून एका चिंधीचा फोटो घेऊन आली.
तळहाताएवढी चिंधी, काचेखाली.
नमुना क्रमांक आठशे बारा, गिरणीचं नाव, साल. बस.
तीच तिला पाच मजले करायची होती.
एकेक सूत माझ्या मनगटाएवढं:
तांबडं, राखी, तांबडं, राखी,
मधूनच मोहरीसारखं पिवळं, सैल, लांब.
मनात म्हटलं, हे जर चित्र
तर आमच्या ओट्यावरच्या फडक्यानं काय घोडं मारलंय?

दहाव्या दिवशी गेनोवेफाबाई थांबल्या.
चाकांच्या पिशवीत बीट, कोबी.
मान वाकडी करून कितीतरी वेळ बघत राहिल्या.
मग ओरडल्याच: "उलटं आहे हे!"

मी म्हटलं, बाई, वरची बाजू वरच आहे.
"वरखाली नव्हे रे. ही कापडाची पाठ.
सुलट्या अंगाला पिवळं नुसतं डोकावतं,
लोळतं ते मागच्या बाजूला.
आणि ती तिसऱ्या मजल्यावर बघ, गाठ.
गाठ पुढे आली की आमचा पगार कापायचे."

मी पाळणा खाली घेतला.
लीवियाच्या पापण्यांवर तांबडा रंग.
तिनं फोनमधला फोटो पुढे केला.
बाईंनी तो पाहिलाच नाही.
हवेतच अंगठा न् तर्जनी एकमेकांवर चोळली,
जणू तिथं कापड होतं.
"सत्तावीस वर्षं रात्रपाळी. मागांनी डावा कान नेला,
म्हणून मोठ्यानं बोलते, रागावू नकोस."

गाठ तुमची का, लीवियानं विचारलं.
"छे. मी शेपूट कातरायचे.
ही फिरवलीय उलट्या हातानं. मेलान्याची असणार.
आमच्या खात्यात डावखुरी तेवढी एकच."
कुठे असते ती?
"असायची," बाई म्हणाल्या,
आणि पिशवीतला कोबी नीट बसवला.

संग्रहालयाला फोन गेला. त्यांनी सांगितलं,
काच उघडायला लेखी अर्ज लागेल.

लीविया बादलीवर बसून राहिली. मग म्हणाली,
पुसायचं का सगळं? सुलटं करू?
"मला काय विचारतेस? मी काय पैसे देते?"
जरा थांबून: "राहू दे.
पण शेपूट आखूड काढलंयस. ती घाईत असायची,
पहाटेची पहिली बस चुकली की पोराची शाळा चुकायची."

नियम असा आहे, पाळण्यात बाहेरचं माणूस नको.
पट्टा हवा, हेल्मेट हवं, सही हवी.
मी पट्टा बांधला, हेल्मेट दिलं.
सहीचं कुणी काढलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर ती गाठ दारापेक्षा मोठी.
बाईंनी ओल्या रंगापासून वीतभर दूर बोट धरलं,
इथून, असं, खाली, अजून, अजून,
आणि लीवियाचा ब्रश त्या बोटामागून गेला,
काजळीच्या पट्ट्यावरून, फुलाफुलांच्या कागदावरून,
जवळजवळ दुसऱ्या मजल्यापर्यंत.

खाली आल्यावर बाईंनी हेल्मेट परत दिलं.
बीट मऊ पडतील म्हणाल्या, निघाल्या.

आता तिथं लोक फोटो काढतात.
छान पट्टे आहेत, म्हणतात.
मी गाडी घेऊन त्या रस्त्यानं जातो तेव्हा
सिग्नल हिरवा असला तरी जरा हळू होतो.

त्या महिन्याच्या बिलात
ती वीस मिनिटं मी लावली नाहीत.